कीर्द आणि खतावणी

शाळांचे नवे वर्ष सुरू झाले की घरोघरी नव्या वह्या येतात. त्यांतील एखादी वही जरा देखण्या बांधणीची असते. आईने किंवा मामाने ती मुलाच्या हाती देताना सांगितलेले असते, "यात रोज काही तरी लिहीत जा." पहिले आठ दिवस पाने उत्साहाने भरतात. 'आज गणिताचे दोन तास झाले. आज पाऊस पडला. आज अभ्यास कमी झाला, उद्या जास्त करीन.' पुढे हीच वाक्ये थोड्याफार फरकाने येत राहतात आणि दिवाळीच्या सुमारास वही कपाटात जाऊन पडते. मुलाला लिहिण्याचा कंटाळा आला, असे म्हणून आपण तो विषय मिटवितो. आमचे मत थोडे निराळे आहे. लिहून हाती काहीच लागत नाही, याचा त्याला कंटाळा आलेला असतो. आणि तो कंटाळा रास्त आहे.

आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज शिंदे, होळकर, पवार, गायकवाड यांच्या दौलतींच्या निमित्ताने या मुलुखात आले. कोणी फडावर बसले, कोणी सराफी केली, कोणी गावचे हिशेब ठेवले. काही घरांच्या माळ्यावर मोडीतील जुन्या चोपड्या अजून सापडतात. त्या हिशेबनिसांना दोन वह्या लागत. एक कीर्द आणि दुसरी खतावणी. दिवसाचा व्यवहार ज्या क्रमाने झाला त्या क्रमाने कीर्दीत उतरावयाचा. मग तीच कलमे वेचून, ज्या त्या खात्यावर खतावणीत मांडावयाची. आज काय घडले हे कीर्द सांगते. कोणाकडे किती येणे आहे, पैसा कोठे मुरतो आहे, हे मात्र खतावणी उघडल्यावाचून कळत नाही. नुसती कीर्द लिहिणाऱ्या दुकानदाराजवळ वर्षाअखेर पुष्कळ कागद असतो, पण आपण नफ्यात आहोत की तोट्यात, याचे ज्ञान नसते.

मुलांच्या हाती आपण कीर्द देतो आणि खतावणीविषयी काहीच सांगत नाही. विद्यार्थ्याने महिन्यातून एकदा शांत बसून आपल्या शिकण्याची खतावणी मांडावी, एवढेच आम्हांला या लेखात सुचवावयाचे आहे. महिनाच का, असे कोणी विचारील. आठवड्यात एखादी चूक एकदाच घडते आणि ती योगायोगाची वाटते. वर्षाने पाहावे तर ती अंगवळणी पडलेली असते. महिन्यात ती चार-पाच वेळा डोकावते, म्हणजे ओळखू येते आणि अजून दुरुस्तही करता येते.

आमच्या शाळेतील नववीच्या एका विद्यार्थिनीने हा उद्योग काही महिने नेटाने केला. तिच्या अनुमतीने त्यातील थोडे येथे देतो. चुकलेले प्रत्येक उदाहरण ती वहीच्या मागच्या पानांवर त्याच दिवशी उतरवून ठेवी आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्यांचे गट पाडी. पहिल्या महिन्यात तिचा गट एकच निघाला. त्याचे नाव होते 'निष्काळजीपणा'. आम्ही तिला एवढेच म्हटले, "बाळ, हे खाते किरकोळ खर्चासारखे झाले. ज्याचा हिशेब लागत नाही ते सगळे त्यात." दुसऱ्या महिन्यापासून तिने उदाहरण नेमके कोणत्या ओळीवर घसरले, ते लिहिण्यास आरंभ केला. तेव्हा दिसून आले की बीजगणितातील तिच्या बहुतेक चुका एकाच जागी होत होत्या. कंसाबाहेर उणे चिन्हासह संख्या असली की ते उणे तिच्या हातून पहिल्या पदापर्यंतच पोचे. उणे ३ गुणिले कंसात 'क्ष उणे ४' याचे उत्तर 'उणे ३क्ष अधिक १२' असे यावयास हवे. ती 'उणे ३क्ष उणे १२' असे लिही. तिसऱ्या महिन्याच्या पानावर तिने स्वतःच ताळा घातला. क्षची किंमत ५ धरली, तर मूळ राशी उणे ३ येते, खऱ्या उत्तरातूनही उणे ३ येते, आणि तिच्या उत्तरातून मात्र उणे २७. त्याखाली तिची एक ओळ होती, की आपण निष्काळजी नाही, आपल्याला हा नियम अर्धाच कळला होता.

या एका ओळीचे मोल आम्ही फार मानतो. 'मी निष्काळजी आहे' असे मानणाऱ्या मुलाला करण्यासारखे काही उरत नाही. तो फार तर स्वतःला दोष देईल आणि उद्याची प्रतिज्ञा लिहील. 'कंसाबाहेरचे उणे मी दुसऱ्या पदाला लावीत नाही' असे ज्याला कळले, त्याच्यापुढे पाऊण तासाचे काम असते. आत्मपरीक्षण आणि आत्मनिंदा यांतील अंतर इतके स्पष्ट करून दाखविणारी दुसरी जागा आम्हांला ठाऊक नाही.

त्याच खतावणीत आणखी एक खाते निघाले. शाब्दिक उदाहरणांत तिची रीत बरोबर, आकडेमोड बरोबर, आणि उत्तर चूक. विचारलेले असे थोरल्या भावाचे वय, आणि ही धाकट्याचे काढून मोकळी होई. प्रश्नाची शेवटची ओळ वाचून होण्याआधीच हात चालू लागत असे. हे लिहिता लिहिता तिच्या ध्यानी आले की घरीही आईचे वाक्य पुरे होण्याआधी आपण उत्तर देतो. हे तिला कोणी सांगितले नव्हते. गणिताच्या वहीतून स्वभावाचे एक खाते आपोआप उघडले गेले. व्यक्तिमत्त्वाचा विकास म्हणून ज्याचा अलीकडे फार बोलबाला आहे, त्याचा आरंभ आमच्या अनुभवास असाच एखाद्या लहानशा, खऱ्या नोंदीपासून येतो.

वहीची ही शक्ती जगाने मोठ्या प्रमाणावरही पाहिली आहे. मायकेल फॅरडे हा लंडनजवळच्या एका लोहाराचा मुलगा. शालेय शिक्षण जेमतेम. १८०५ साली, चौदाव्या वर्षी, तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीस लागला. १८१२ मध्ये त्याला हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकावयास मिळाली. त्यांची टिपणे त्याने सविस्तर लिहून काढली, स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हीकडे पाठविली. पुढच्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला साहाय्यकाची जागा मिळाली. चुंबकापासून वीज निर्माण करावयाची, ही कल्पना त्याने १८२२ साली आपल्या वहीत टिपून ठेवली होती. मधल्या काळात त्याचे अनेक प्रयत्न फसले. २९ ऑगस्ट १८३१ रोजी प्रयोग साधला. पुढे त्याने आपल्या प्रयोगवहीतील परिच्छेदांना ओळीने क्रमांक दिले आणि ते सोळा हजारांवर गेले. क्रमांक दिल्याने जुनी नोंद नव्या नोंदीशी जोडता येते. कीर्दीची खतावणी करण्याचाच हा मार्ग होता. त्यात फसलेले प्रयोगही फळलेल्या प्रयोगांइतक्याच निष्ठेने लिहिलेले आहेत, हे आमच्या विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे.

याच्या उलट उदाहरण आपल्या श्रीनिवास रामानुजनांचे. कागद महाग, म्हणून ते पाटीवर गणित करीत, कोपराने पुसून टाकीत आणि वहीत केवळ निष्कर्ष उतरवीत. १९२० साली, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते गेले. त्या वह्यांतील सूत्रांच्या सिद्धता लावून त्यांचे संपादन करण्याचे काम ब्रूस बर्न्ट या अमेरिकन गणितज्ञाने हाती घेतले. त्याचे पाच खंड १९८५ ते १९९८ या काळात प्रसिद्ध झाले. रामानुजनांसारख्या अलौकिक बुद्धीला पुसलेल्या पाटीची उणीव भासली नसेल. सामान्य विद्यार्थ्याला मात्र उत्तरापेक्षा त्या पुसलेल्या पायऱ्यांचीच गरज असते. आपली मुले आज नेमके तेच पुसून टाकतात. चुकलेले पान फाडावयाचे आणि नितळ पान गुरुजींपुढे ठेवावयाचे, हे वळण त्यांना आम्हा शिक्षकमंडळींनीच लावले आहे.

आता ही खतावणी मांडावी कशी? आम्ही चार प्रश्न सुचवितो. या महिन्यात असे काय कळले, जे मागच्या महिन्यात कळत नव्हते? कोठे अडलो, आणि नेमक्या कोणत्या पायरीवर? अडचण सुटली असेल तर कशाने सुटली? पुढच्या महिन्यात कोणती एकच गोष्ट निराळी करून पाहावयाची? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तक मिटून लिहावे, असा आमचा आग्रह आहे. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुनःपुन्हा वाचला. काहींनी तो एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तिसऱ्या प्रश्नामागे जॉर्ज पोल्या या गणितज्ञाचा विचार आहे. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने उदाहरण सोडविण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि शेवटी मागे वळून पाहणे. आमची मुले तिसऱ्या पायरीवर उत्तराखाली दोन रेघा ओढतात आणि उठतात.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. ही वही लिहावी कोणत्या भाषेत? शाळा हिंदी किंवा इंग्रजी, घर मराठी. हिंदी माध्यमात जो 'लघुत्तम समापवर्त्य', तोच आजोबांचा 'लसावि'. तेथला 'भिन्न' म्हणजे आपला 'अपूर्णांक', आणि तेथला 'हर' म्हणजे आपला 'छेद'. नातवाने वहीत 'मी पुष्कळ चेष्टा केली' असे लिहिले, तर त्याने कोणाची थट्टा केली नसून मनापासून प्रयत्न केला आहे, हे आजीने समजून घ्यावे. रोजच्या नोंदी मुलाच्या ओठी येईल त्या भाषेत असू द्याव्यात. महिन्याच्या पानावर मात्र एखादा धडा, एखादी कल्पना मराठीत समजावून लिहावी. हे आम्ही केवळ भाषाप्रेमाने सांगत नाही. पाठ केलेले वाक्य दुसऱ्या भाषेत शिरताना गळून पडते. समजलेला अर्थ तेवढा पलीकडे पोचतो. दोन भाषांच्या उंबरठ्यावर वाढणाऱ्या आपल्या मुलांना स्वतःच्या समजुतीचा ताळा पाहण्याचे हे साधन घरातच लाभलेले आहे. त्या पानावरचे ऱ्हस्व-दीर्घ मात्र कोणी तपासू नयेत. आमच्यासारख्या व्याकरणप्रिय माणसाला हे लिहिणे जड जाते, पण लिहिले पाहिजे.

पालकांना एक विनंती. ही वही मुलाने होऊन दाखविल्याखेरीज उघडू नये. आपले पान वाचले जाणार हे मुलाला कळले की ते वाचणाऱ्यासाठी लिहू लागते. मग एक वही दाखविण्याची आणि एक खरी, असा प्रकार सुरू होतो. तो व्यापारात काय करतो हे आपण जाणतोच. शाळांनाही हीच विनंती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपत्रकात विद्यार्थ्याच्या स्वयंमूल्यमापनाला स्थान दिले आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु त्याचे रकाने झाले आणि त्या रकान्यांना गुण मिळू लागले, तर वर्गातील सर्व मुले एकच सुबक उत्तर लिहितील, आणि ते बहुधा आम्ही शिक्षकांनीच फळ्यावर लिहून दिलेले असेल.

असो. या कामाला देखणी वही लागत नाही. गेल्या वर्षीच्या वह्यांतील कोरी पाने एकत्र शिवली तरी पुरतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, जेवणे आटोपल्यावर, घरात अर्धा तास तेवढा शांततेचा मिळावा. त्या वेळी वडीलमंडळींनीही एक कागद घेऊन आपल्या महिन्याची कलमे खात्यावार मांडून पाहावीत. मुले आपले सांगणे ऐकतात त्याहून आपले करणे अधिक पाहतात, आणि आपल्याही वहीत 'किरकोळ' या सदराखाली पुष्कळ काही साठलेले असते.