विश्लेषण : फणसवाडीत पुन्हा फणस लावता येईल का?

गिरगावात पत्ता सांगताना आजही झाडांची नावं घ्यावी लागतात. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी. एकेकाळी इथे बागा होत्या, मग चाळी आल्या. 2025 मध्ये मेट्रो 3 चं गिरगाव स्टेशन सुरू झालं आणि चाळींच्या जागी टॉवरही उभे राहत आहेत. अशा पुनर्विकासात जुनं झाड तोडलं, तर त्याची भरपाई कशी होते?

शहरांसाठी राज्याचा 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज’ ठरतं. झाड तोडलंच, तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. म्हणजे 60 वर्षांच्या फणसामागे 60 रोपं. ऐकायला घसघशीत. पण लावायची कुठे?

फणस मूळचा पश्चिम घाटातल्या सदाहरित, पावसाळी जंगलांतला. त्याला खोल आणि पाण्याचा निचरा होणारी माती लागते, कारण त्याचं सोटमूळ खाली जातं. फळंही खोडावर आणि जाड फांद्यांवर लागतात, त्यामुळे झाड भक्कम हवं. टॉवरच्या आवारात मात्र खाली तळघर, वर पोडियम पार्किंग आणि स्लॅबवर पसरलेली थोडी माती. तिथे शोभेची झुडपं जगतात, फणस नाही. मग रोपं शहरात दुसरीकडे कुठेतरी जातात. आकडा जुळतो, वाडीतली सावली गेलेलीच असते.

गंमत म्हणजे, झाडं तोडण्याबाबतच्या राज्याच्या 1964 च्या कायद्यात आंबा, चिंच, जांभळासोबत फणसाचंही नाव अनुसूचीत आहे. शहरातला भरपाईचा हिशोब मात्र वयाचा.

फणस म्हणजे नुसते गरे नव्हेत. कोकणात आठळ्या वाळवून पावसाळ्यासाठी ठेवतात. त्या भाजून, उकडून खातात, भाजीत घालतात. पिष्टमय असल्याने पोट भरतं. केरळने 2018 मध्ये फणसाला राज्यफळाचा दर्जा दिला.

फणसवाडीसारख्या ठिकाणी रोपांच्या संख्येपेक्षा खाली तळघर नसलेला जमिनीचा एक पट्टा जास्त मोलाचा. तो नकाशात आहे का, हे रहिवाशांना करारनाम्यावर सही करण्याआधी विचारता येतं. पाया खोदल्यावर तो पट्टा परत मिळत नाही.