मुलींच्या हातांत वल्हें कां नको?

मिरा-भाईंदरच्या पश्चिमेस, धारावी बेटाच्या टोकाशीं चौक नांवाचें कोळ्यांचें गांव आहे. खाडीपलीकडे वसईचा किल्ला दिसतो. बायका धक्क्यावर मासळी निवडतात, बोंबील बांबूंवर वाळत घालतात आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजार गांठतात. पुरुषानें आणलेल्या मासळीचा पैसा होतो तो बायकोच्या हिशोबावर, हें सर्व किनारपट्टीस ठाऊक आहे. त्या गांवीं आम्हीं एका अंगणांत चार मुलींस विचारलें, "पोहतां येतं का ग?" तिघी हसल्या. चौथी म्हणाली, "दादाला येतं." दाराशीं समुद्र, आणि पोहतां येतें तें दादाला!

घाटावरच्या शेतकरी बंधूंनीं यावर हसूं नये. बिनकठड्याच्या विहिरीवर घागर घेऊन वांकते ती तुमची मुलगी. त्याच विहिरींत पाठीस सुका भोपळा बांधून पोहायला शिकतो तो मुलगा. सरपणासाठीं डोंगर तुडवते ती मुलगी; पण झाडावर चढली कीं 'पोरीची जात' म्हणून धपाटाही तिलाच. सुताराची लेक भुसा लोटते, वांकस तिच्या हातीं येत नाहीं. कुंभाराची लेक माती तुडवते, चाकावर बसत नाहीं. घिसाड्याच्या घरची बाई तर घणही मारते; पण लोखंड कितपत तापलें हें ओळखण्याची विद्या बापाकडून मुलाकडेच जाते. म्हणजे धोका मुलीच्या वाट्याला आणि धोक्यांतून निभावण्याचें कसब मुलाच्या वाट्याला. ही वांटणी कोणत्या न्यायाची?

यावर घरोघर एकच उत्तर मिळतें: हातपाय मोडला तर लग्न कोण करील? आम्ही विचारतों, भरल्या घागरीसह पाय घसरला तर हाड मोडत नाहीं काय? तेव्हां मात्र सोयऱ्यांची आठवण कोणास होत नाहीं.

बायकांस हें झेपत नाहीं म्हणणाऱ्यांनीं 'तारिणी'ची हकीकत ऐकावी. गोव्यांतच बांधलेली, ५६ फूट लांबीची ही शिडाची होडी. १० सप्टेंबर २०१७ रोजीं नौदलाच्या सहा स्त्री-अधिकारी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं तिच्यांतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजीं परत आल्या. केप हॉर्नचा समुद्र त्यांनीं ओलांडला. परतीच्या वाटेवर सुकाणूची यंत्रणा बिघडली, म्हणून मॉरिशसला थांबावें लागलें. शीड ओढणें, गांठ मारणें, रात्रीचा पहारा, सगळें त्या सहाजणींच्या हातीं होतें. बोटीवर सातवा पुरुष नव्हता. पुढें २०२४-२५ त दोघीजणीच त्याच होडीनें प्रदक्षिणा करून आल्या. आणि शेतकऱ्यांच्या मुलखांतली गोष्ट हवी असेल तर सातारची अदिती स्वामी पाहा. उसाच्या शेतांतल्या मैदानावर धनुष्य ओढायला शिकलेली ही मुलगी २०२३ सालीं, सतराव्या वर्षीं, बर्लिनला जगज्जेती झाली. त्याच जिल्ह्यांतल्या माण तालुक्यांतील मोही गांवची ललिता बाबर २०१६ त ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतींत धांवली. यांच्या हातापायांत आपल्या लेकींहून निराळीं हाडें नाहींत.

आमच्या शिक्षक मंडळींचाही यांत दोष आहे, आणि आम्ही त्यांतलेच. मुलें मैदानांत आणि मुली रांगोळीला, ही वांटणी आम्हींही वर्षानुवर्षें केली. १८४८ त मुलींची शाळा काढणारे जोतीराव स्वतः लहुजी वस्तादांच्या तालमींत घुमलेले; १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें प्राथमिक शाळेंत शेतीचें व आरोग्याचें ज्ञान द्या, असें त्यांनीं मागितलें. २०२० च्या शैक्षणिक धोरणांत सहावी ते आठवीच्या मुलामुलींनीं दहा दिवस दप्तर ठेवून सुतार, कुंभार अशा कारागिरांजवळ शिकावें असें लिहिलें आहे. मग हे दहा दिवस मागून घ्या. मुलींसाठीं वेगळें 'शोभेचें काम' निघालें तर शाळेंत जाऊन भांडा.

चौकासारख्या गांवास तर शाळेचीही वाट पाहण्याचें कारण नाहीं. जून-जुलै दोन महिने यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोटी काठावर येतात, इंजिनें उघडलीं जातात, जाळीं दुरुस्त होतात. आणि शाळा जूनच्या मध्यापर्यंत बंदच. नाखवांनीं मुलाबरोबर मुलीसही जवळ बसवावें. जाळ्याची सुई, दोराची गांठ, इंजिनाचें तेल, ओहोटी-भरतीचा हिशोब, हें चार दिवसांत डोळ्यांखालून जाईल आणि चार पावसाळ्यांत हातांत बसेल. पोहणें मात्र जूनच्या खवळलेल्या समुद्रांत नव्हे. तें उन्हाळ्यांत, तळ्यांत किंवा विहिरींत, जाणत्या बाईच्या देखरेखीखालीं, कमरेला दोर बांधून सुरू करावें.

जाणती बाई कोठून आणावी, असें कोणी विचारील. त्या अंगणांत, त्या चौथ्या मुलीची आजी मागें बसून लसूण सोलत होती. आमचें बोलणें ऐकून म्हणाली, "मला येतं कीं. कालवं काढायला जायचों तेव्हां शिकलें. हिच्या आईला शिकवायचं राहून गेलं." नातीनें तोंडाला हात लावला. तिला हें ठाऊकच नव्हतें. एप्रिलांत परीक्षा संपल्यावर चौघींनाही शिकवायचें आजीनें कबूल केलें आहे, आणि दोर आम्हीं न्यायचा आहे.