घर आणि यंत्र : ब्रेकची झीज

मोटार दारांत असली म्हणजे तिचा रंग, गाद्या, फार तर टायरमधील हवा यांकडे घरांतील मंडळींचें लक्ष असतें. ब्रेकविषयीं मात्र ‘लागतो ना? मग झालें!’ एवढ्यावर बहुतेकांचें समाधान होतें. हें समाधान फसवें आहे. पॅड अगदीं अखेरच्या दोन मिलिमीटरवर आलें तरी ब्रेक पायाला पूर्वीसारखाच लागूं शकतो. म्हणून पायाच्या साक्षीवर न विसंबतां जाडी डोळ्यांनीं पाहिली पाहिजे.

ब्रेक करतो काय, तर गतीची उष्णता करतो. माणसांसह १४०० किलो वजनाची गाडी ताशीं ८० किलोमीटर वेगांतून एकदां थांबविली, तर निघणाऱ्या उष्णतेनें एक लिटर गार पाणी उकळीस येईल. घाट उतरतांना अशी उष्णता पुनःपुनः निर्माण होते, व तिचा मुख्य भार डिस्क आणि पॅड यांवर पडतो.

नव्या पॅडवरील घर्षणाचा थर बहुधा १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. तो ३ मिलिमीटरवर आला कीं पॅड बदलावें; गाडीच्या पुस्तिकेंत निराळा आंकडा असल्यास तोच खरा. थराच्या मागें पोलादाची पाटी असते, ती हिशेबांत धरावयाची नाहीं. पाटीसकट मोजून ‘अजून पुष्कळ आहे’ म्हणणारे मिस्त्रीहि भेटतात! दुसरी गोष्ट अशी कीं, चाकाच्या फटींतून दिसतें तें बाहेरचें पॅड. कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकल्या, तर बाहेरचें चांगलें दिसत असतांहि आंतलें पोलादापर्यंत झिजलेलें असूं शकतें. याकरितां चाक उतरवूनच तपासणी करवावी. धूळ तोंडानें फुंकूं नये. जुन्या पॅडांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो.

कांहीं पॅडांना धातूची लहान जीभ असते. थर संपत आला कीं ती डिस्कला घांसून किंचाळते. सर्वच गाड्यांत ही सोय नसते, तेव्हां आवाज नाहीं म्हणून निर्धास्त राहूं नये.

डिस्कचीहि झीज होते. तिची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. कडेला न झिजलेला गंजका कंगोरा राहतो. माप त्याच्या आंतल्या बाजूस, मायक्रोमीटरनें, निरनिराळ्या ठिकाणीं घ्यावें. किमान मर्यादेखालीं गेलेल्या डिस्कवर नवीं पॅडें बसविणें म्हणजे पैसे वायां घालविणें. पातळ डिस्क लौकर तापते व तडकूंहि शकते. मागील चाकांना ड्रम असल्यास उलट हिशेब : तेथें आंतला व्यास वाढतो, म्हणून कमाल व्यास पाहावयाचा.

आतां ब्रेक ऑइल. पॅड झिजतें तसा पिस्टन पुढें सरकतो व डबींतील पातळी हळूहळू उतरते. पेट्रोल भरतांना कोणी ‘ऑइल कमी आहे, भरूं का?’ असें विचारलें, तर आधीं पॅडें पाहावींत आणि गळती शोधावी. नुसतें भरल्यानें झिजेची खूणच पुसली जाते. शिवाय हें द्रव्य हवेंतील ओल शोषतें. डॉट ३ जातीचें नवें ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाहीं; ओल शिरल्यावर मात्र हीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. उकळून वाफ झाली कीं पाय तळाशीं जातो, आणि गाडी थांबत नाहीं. बऱ्याच गाड्यांना दर दोन वर्षांनीं तें बदलण्याची सूचना असते. गाडी दुरुस्तीस देतांना उजव्याडाव्या व आंतल्याबाहेरच्या प्रत्येक पॅडची जाडी मिलिमीटरमध्यें लिहून मागावी.