डब्यावर 'जपानी' लिहिलं म्हणून विश्वास ठेवायचा?

परवा चाकणच्या कंपनी बसमध्ये शेजारच्या पोरानं मोबाईल पुढे केला. 'जपानी जडीबुटी. अर्धशिशी आणि छातीतली धडधड, दोन्ही मुळापासून गायब.' किंमत अठराशे. डब्यावर घटकांचा पत्ता नाही. बसमधल्या तिघांनी मागवलंय म्हणे. राग आला म्हणून लिहितोय.

मित्रांनो, जपानमध्ये 'काम्पो' ही वनौषधींची पद्धत खरोखर आहे. 1976 मध्ये त्यातली बरीच औषधं तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात आली. अर्धशिशीवर 'गोशुयुतो' देतात. पण विम्यातलं काम्पो लिहून देतो तो परवानाधारक डॉक्टर, आणि औषधाच्या माहितीपत्रकात दुष्परिणाम छापलेले असतात. आपल्याकडे फक्त 'जपानी' हे नाव आलं, तिथली शिस्त नाही आली.

काम्पोच्या बऱ्याच औषधांत ज्येष्ठमध असतं. हो, खोकल्याला चघळतो तेच! पण जास्त प्रमाणात, बरेच दिवस घेतलं तर शरीरातलं पोटॅशियम कमी होतं, बीपी वाढतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. काही औषधांत 'माओ', म्हणजे एफेड्रा असते. तिनं धडधड वाढते. म्हणजे धडधडीवर घेतलेला डबाच धडधड वाढवणार! ग्रुपच्या अ‍ॅडमिनला हे कुठून कळणार?

'झाडपाला आहे, अपाय काय होणार?' म्हणणाऱ्यांनो, धोत्राही झाडपालाच आहे.

हृदयरोग बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. त्याच वर्षी आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. ज्या गावात देशासाठी पेनिसिलिन बनलं, तिथं आज बिनघटकांचा डबा खपतोय. लाज वाटायला हवी.

पण दोष फक्त पोरांचा नाही. आठवड्याला शिफ्ट बदलते, झोप मोडते, जेवण चुकतं, मग डोकं ठणकणारच. कंत्राटी कामगारानं दवाखान्यासाठी खाडा केला की हजेरी कापली जाते. म्हणून तो डबा मागवतो. कंपन्यांनी मेडिकल रूममध्ये नुसती गोळी देऊन परत लाइनवर पाठवणं बंद करावं. बीपी बघा, ईसीजी काढा, तपासणीला भरपगारी सुट्टी द्या.

आणि भावांनो, पगारातून ईएसआयचे पैसे कापले जातात ना? मग मोहननगरच्या ईएसआय हॉस्पिटलात जा, नाहीतर वायसीएमला. डबा घेतला असेल तर तोही डॉक्टरला दाखवा, लपवू नका. धडधडीसोबत चक्कर आली, छातीत दुखलं, तर घरी थांबू नका, 108 ला फोन करा.

असे मेसेज आले तर पुढे ढकलू नका. स्क्रीनशॉट काढा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. पुढे पाठवायचंच असेल तर हे पाठवा.