चावी आहे म्हणून कुलूप उघडायचं?

वडगाव मावळला आमच्याकडे पोस्टमनकाका पाकीट आणून देतात. पत्र त्यांच्या हातात असतं, पण ते फोडत नाहीत. मग ईमेल सर्व्हरच्या अ‍ॅडमिनला वेगळा नियम का?

मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरवर अ‍ॅडमिन स्वतःला कुणाच्याही मेलबॉक्सचा ‘फुल अ‍ॅक्सेस’ देऊ शकतो. त्याला आपला पासवर्डसुद्धा लागत नाही! २०१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने एका कॉपी प्रकरणाची गोपनीय माहिती कशी फुटली हे शोधायला १६ रेसिडेंट डीनची ईमेल खाती तपासली. बहुतेकांना ते कळलं थेट २०१३ मध्ये.

चौकशीसाठी कधी मेल पाहावी लागते, मान्य. पण मग दोघांची लेखी परवानगी घ्या, अ‍ॅक्सेस कामापुरताच द्या, नोंद ठेवा (ती सोय एक्स्चेंजमध्येच आहे) आणि ज्याची मेल त्याला कळवा.

कॉन्व्हेंटमध्ये असताना आमच्या डायऱ्या न सांगता वाचल्या जायच्या. त्यामुळे मी चुकीचं वागायचं थांबले नाही, फक्त खरं लिहायचं थांबले. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रायव्हसी हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. उद्या आपल्यातलेच काही जण अ‍ॅडमिन होतील. तेव्हा पोस्टमनकाका आठवा, एवढंच!