ऑफशोअर कंपनी काढणं सोपं आहे, मग लोक अडकतात कुठे?

‘परदेशात कंपनी काढा, टॅक्स शून्य करा’ अशा रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. त्यातला पहिला भाग खरा आहे. दुसऱ्या भागात बरंच काही सांगायचं राहून जातं.

ऑफशोअर कंपनी म्हणजे, जिथे मालक राहत नाही आणि बहुतेक वेळा धंदाही चालत नाही, अशा देशात नोंदवलेली कंपनी. हे मुळात बेकायदा नाही. यातलं सगळ्यात गाजलेलं ठिकाण म्हणजे कॅरिबियन समुद्रातली ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स, म्हणजेच बीव्हीआय. लोकसंख्या साधारण 30 हजार आणि नोंदवलेल्या कंपन्या साडेतीन लाखांच्या आसपास. माणशी दहाच्या वर!

1984 मध्ये तिथे खास परदेशी लोकांसाठी कंपनी कायदा आला आणि हा धंदा वाढला. तिथे जावंही लागत नाही. परवानाधारक स्थानिक एजंट नोंदणी करून देतो, पत्ताही त्याचाच. एक संचालक, एक भागधारक पुरतो. कंपनीच्या नफ्यावर कर नाही. खरा मालक कोण, हेही कुणालाही सहज पाहता येत नाही. 2016 मध्ये पनामा पेपर्सची 1.15 कोटी कागदपत्रं फुटली, तेव्हा त्यातल्या दोन लाखांहून जास्त कंपन्यांपैकी निम्म्याहून अधिक बीव्हीआयच्या निघाल्या.

आता समजा, पुण्यात राहणाऱ्या एका सॉफ्टवेअर फ्रीलान्सरने तिथे कंपनी काढली. कंपनी बीव्हीआयची झाली, पण तो स्वतः भारताचाच करनिवासी राहिला. त्याने कंपनीतून घेतलेला पगार आणि लाभांश, दोन्हींवर भारतात कर लागतो. कंपनीचे मोठे निर्णय प्रत्यक्षात भारतात बसून होत असतील, तर कंपनीच भारतीय करनिवासी ठरू शकते. वर्षाला 50 कोटींपर्यंत उलाढाल असेल तर हा नियम लावत नाहीत. पण म्हणून सुटका होत नाही, कारण काम पुण्यात होत असेल तर ते उत्पन्न भारतातच कमावलेलं आहे, असं कर खातं म्हणू शकतं. मॉरिशस किंवा सिंगापूरसारखा दुहेरी कर टाळण्याचा करार बीव्हीआयशी नाही. माहिती देवाणघेवाणीचा करार मात्र आहे!

पैसे बाहेर पाठवतानाही नियम आहेत. निवासी व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. कंपनीत गुंतवणूक करायची तर बँकेमार्फत फॉर्म भरावा लागतो. आणि 2022 च्या नियमांनुसार, तुमचा ताबा असलेल्या परदेशी कंपनीखाली उपकंपनी असेल, तर निवासी व्यक्तीला त्यात अशी गुंतवणूक करता येत नाही. बीव्हीआयची कंपनी तर बहुतेक वेळा दुसऱ्या कंपन्यांचे शेअर्स धरून ठेवायलाच काढतात. म्हणजे तिचा मुख्य उपयोगच इथे बाद होतो.

सगळ्यात महागात पडतं ते न सांगणं. परदेशी शेअर्स, बँक खातं, सही करण्याचा अधिकार, हे सगळं रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये दाखवावं लागतं. कर बुडवलेला नसला तरी, न दाखवल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो. 20 लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला आता सूट आहे. उत्पन्नच लपवलं असेल तर 30 टक्के कर आणि त्याच्या तिप्पट दंड. म्हणजे एक कोटी लपवले तर भरायचे एक कोटी 20 लाख. तुरुंगवासाची तरतूद वेगळी.

‘कळणार कसं?’ हा प्रश्न दहा वर्षांपूर्वी ठीक होता. 2017 पासून भारताला इतर देशांकडून बँक खात्यांची माहिती दरवर्षी आपोआप येते, आणि नुसत्या कागदावरच्या कंपनीचं खातं असेल तर मागचा खरा माणूस कोण, हेही बँकेला कळवावं लागतं.

एजंटच्या पॅकेजमध्ये यातलं काहीच नसतं. तो बीव्हीआयचं नोंदणी प्रमाणपत्र देतो. इथला बँकेचा फॉर्म, दरवर्षीचा अहवाल आणि शेड्यूल एफए तुमच्याकडेच राहतं.