हातांतून बुद्धीकडे

हा अंक वाचकांच्या हाती देताना, संगणकशास्त्राचे अध्ययन-अध्यापन हा विषय सूतकताईच्या या वर्धा जिल्ह्यातून आम्ही का निवडला, याचा खुलासा करणे अगत्याचे वाटते.

22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी जी योजना मांडली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जिचा अभ्यासक्रम सिद्ध केला, त्या ‘नयी तालीम’ या शिक्षणपद्धतीचा मुख्य आग्रह असा होता की, हाताने चाललेल्या प्रत्येक क्रियेचे कारण विद्यार्थ्यास उमगले पाहिजे. सुताची चार फुटांची एक तार आणि 640 तारांची एक गुंडी मोजताना त्याला गणित यावे, आणि कापसाच्या निमित्ताने भूगोल व इतिहास कळावा.

संगणकाचा पूर्वेतिहासही वस्त्रोद्योगाशीच निगडित आहे. फ्रान्समधील जाकारने 1804 च्या सुमारास वेलबुट्टी विणण्यासाठी जे छिद्रांकित पुठ्ठे मागावर चढविले, त्यांचीच युक्ती इंग्लंडात बॅबेजने आपल्या ‘विश्लेषक यंत्र’ या गणनयंत्राच्या आराखड्यात स्वीकारली; आणि 1890 च्या अमेरिकी खानेसुमारीची मोजदाद हॉलरिथच्या यंत्रांनी छिद्रांकित पत्रांवरूनच केली.

हाताने घडवत शिकण्याची रीत आपल्याकडील संगणकांच्या निर्मितीतही दिसते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली ज्या तरुणांनी 1960 साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक कार्यान्वित केला, त्यांपैकी बहुतेकांनी पूर्वी संगणक हाताळलाही नव्हता. ते यंत्र घडविणे हीच त्यांची शाळा झाली. आमच्याच विदर्भातील, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावच्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने 1991 मध्ये ‘परम 8000’ हा महासंगणक सिद्ध केला, तेही परदेशी महासंगणक मिळण्यात अडथळे आल्यावर केलेल्या स्वनिर्मितीच्या निश्चयाचे फळ होते.

म्हणूनच, आज्ञावली वहीत उतरवून परीक्षेपुरती पाठ करण्याचा प्रघात आम्हांस चिंताजनक वाटतो. ज्याने चिंचोके मांडून द्विमान पद्धतीची बेरीज केली, विस्कटलेल्या पत्त्यांना क्रम लावताना किती वेळा तुलना करावी लागली हे स्वतः मोजले, त्याला यंत्राचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही कळतात. यंत्रे व त्यांच्या भाषा बदलल्या, तरी ही समज त्याच्यापाशी शाबूत राहते.

आर्वीपासून समुद्रपूरपर्यंतच्या शिक्षकांनी या अंकातील लेख वर्गात न्यावेत, आणि कळफलकास हात लावण्यापूर्वी एक तरी उदाहरण विद्यार्थ्यांकडून कागदावर सोडवून घ्यावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे. 

— संपादक